बसून खाण्याचे दिवस

धुळे, १९ जानेवारी १९३६

कापडवाले शेठ दरवर्षी ही डायरी देतात आणि दरवर्षी तिच्यात मी गिऱ्हाइकांची मापे लिहितो. छाती, बाही, गळा, उंची. या वर्षी मापे लिहायची नाहीत. मग डायरी कोरी कशाला ठेवा? म्हणून आज स्वतःबद्दल लिहायला बसलो आहे.

अमळनेरचे पुनामामा गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची दोन घरे आणि तापीकाठची जमीन त्यांनी माझ्या नावे केली, हे काल वकिलांनी वाचून दाखवले. घरांत भाडेकरू आहेत, जमीन बटाईने दिलेली आहे. शिंपीकामातून कधी मिळाले नसते एवढे वर्षाला घरबसल्या येणार. आमची एकुलती एक भागा जामनेरला दिलेली आहे, ती सुखात आहे. म्हणजे आम्हा दोघांना आता पोटासाठी काही करायला नको.

मिसरूड फुटायच्या आधीपासून सुई हातात आहे. पाठीला बाक आला आहे. संध्याकाळी मशीन पुसले, तेल दिले, वर जुने धोतर पांघरले आणि दुकान बंद केले. आत येऊन हिला सांगितले, "आता बसून खायचं."

ही भाकरी थापत होती. म्हणाली, "मग काजांचं काय?"

लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या दुकानाची काजेबटणे हीच करते. कोटाचे काज हिच्यासारखे धुळ्यात कोणी करत नाही, असे वकीलमंडळी म्हणतात. मी म्हटले, "काजंही संपली. तुझीही सुटका."

तिने भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. फार आनंद झाला की माणूस असाच गप्प होतो.

(घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण लेखणी धरली की शाळेतली मराठी आपोआप येते. हिचे बोलणेही तिच्यातच उतरते. हिला कळले तर हसेल.)

२३ जानेवारी

पहाटे उठून पांझरेवर आंघोळ केली. देवपुरात एकवीरेचे दर्शन घेतले. सावकाश चालत परत आलो. वाटेत शेंगा घेतल्या. इतके करूनही सूर्य कासरा-दोन कासरेच वर आला होता.

विलायतेत बादशहा वारल्याची बातमी गावात पसरली आहे. वकिलांना दंडावर बांधायला काळ्या फिती हव्यात, म्हणून सगळे समोर जीवरामकडे गेले. जीवराम आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तारुण्यापासून आमची दुकाने समोरासमोर आहेत. सदरे, बंड्या, चोळ्या त्याच्याकडे आणि कोट माझ्याकडे, अशी कधी न ठरवता झालेली वाटणी. आता माझे दुकान बंद, म्हणून कोटवालेही त्याच्याकडेच.

ओट्यावर बसून पाहत होतो. फीत कापायला त्याने कापड आडवे घेतले. तिरपे घ्यायला हवे, म्हणजे दंडावर नीट बसते. उठून सांगावे असे दोनदा वाटले. मग स्वतःलाच म्हटले, कौतिकभाऊ, तुम्ही आता शिंपी नाही. शेंगा खाल्ल्या.

२ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन बसलो. वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचले. दुपारी झोपलो. उठून चहा मागितला. मग स्वयंपाकघरात बसून हिच्याशी गप्पा मारल्या. डाळीत पाणी जास्त झाले आहे असे मी म्हटले. डबे उंचीप्रमाणे लावले तर बरे, असेही सुचवले आणि लावून दाखवले.

ही म्हणाली, "तुम्ही देवळात जा."

"सकाळीच जाऊन आलो."

"देवाला पुन्हा जा. देवाला कंटाळा येत नाही."

११ फेब्रुवारी

बाजारात उखर्डू हमाल भेटला. मोठा रंगेल माणूस. पोती उतरवून झाडाखाली बसला होता. मी त्याला एक प्रश्न विचारला, जो मला काही दिवसांपासून छळतो आहे. म्हटले, उखर्डू, तुला कोणी जन्मभर भाकरी देतो म्हटले तर तू पोती उचलशील का?

तो हसून लोळलाच. "पोतं? पोतं कोन उचली भाऊ! मी झोपसू."

"रोज?"

"आठ दिन झोपसू." मग जरा थांबून म्हणाला, "मंग नदीवर जासू. लोकेसना बैल धुसू. बैल धुवाले माले भलतं आवडस."

"बैल धुण्याचे कोण काय देणार?"

"तुम्हीच सांगं ना, भाकर फुकट शे!"

मी कोट शिवत होतो ते पोती उचलणे होते की बैल धुणे, याचा विचार करत घरी आलो.

२६ फेब्रुवारी

हिचा वेळ मात्र छान जातो. जेवण आटोपले की रोज समोर कुंदाबाईकडे जाते. कुंदाबाई म्हणजे जीवरामची बायको. दिवेलागणीला परत येते, चेहरा हसरा. इतकी वर्षे बिचारीला शेजारणीकडे दोन घटका बसायला मिळाले नव्हते. माझ्यामुळे मिळाले, याचे समाधान वाटते. आज तिच्या पदराला निळ्या रेशमाचे तुकडे चिकटलेले होते. दोघी मिळून गोधडी शिवत असाव्यात. रेशमाने गोधडी शिवतात हे मला नवीनच.

८ मार्च

होळी. उखर्डू चौकात नाचत होता. त्याची बंडी खांद्यापासून बगलेपर्यंत फाटलेली. मला ते बघवेना. हाताला धरून दुकानात आणले, मशीनवरचे धोतर काढले. फाटकी बंडी सांधण्यात अर्थ नव्हता. फडताळात जाडाभरडा मांजरपाट पडून होता, त्याची नवीच बेतली.

कातर कापडात गेली तेव्हा जो आवाज झाला, तो मी कितीतरी दिवस ऐकला नव्हता. आवाज काही मोठा नाही. पण अंगातून मुंग्या गेल्यासारखे झाले. उखर्डू म्हणाला, "भाऊ, पैसा?" मी म्हटले, "पैशाचं नाव काढू नको."

हिने दारातून पाहिले. "मग काजं?" तिने विचारले. मी म्हटले, "बंडीला बंद लावतो, तू आराम कर."

रात्री भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

१९ मार्च

उखर्डूने गावभर बंडी मिरवली. आता ओट्यावर सकाळपासून माणसे. कापड आणा, शिवून मी देतो, मजुरी नाही. हा माझा नेम. काजेही मीच करतो, हिला तोशीस नको. गोरगरिबांना अंगभर कपडा मिळतो, माझा दिवस कसा जातो ते कळत नाही, पाठ दुखते पण ते दुखणे ओळखीचे आहे. इतकी सोपी गोष्ट आधी का सुचली नाही? पैसा सुटला तर माणूस काम सोडील म्हणतात. मी तर दुप्पट काम करतो आहे. पुनामामांच्या आत्म्याला शांती मिळो.

गोरगरीब नसलेलेही येतात, कोटवाले वकीलही, हे खरे. काल एक पेढीवाले चार सदऱ्यांचे कापड टाकून गेले. नाही म्हणणे मला जमत नाही.

३ एप्रिल

आज अपमान झाला असे लिहावे की नाही, ठरत नाही.

सोनगीरकडचे लोटनआबा आले होते. फार म्हातारे. माझ्याकडे पूर्वी एकदाच आले होते, मुलाच्या लग्नात. पैरण शिवून घेतली, घालून पाहिली, बाही फिरवून पाहिली आणि कनवटीतून पैसे काढले. मी हात जोडले. म्हटले, आबा, मी घेत नाही.

आबांनी पैरण उतरवून ठेवली. "मंग ऱ्हाऊ दे."

"का आबा?"

"फुकटनं आंगले चावस रे बाप्पा. आनि उद्या गळा बिघडना तं तुले कोनता तोंडघाई सांगू? पैसा देल ऱ्हायना तं भांडता येस."

उघड्या अंगाने निघाले. मी मागे धावलो, पैसे घेतले. मग आबा थांबले, पैरण घातली आणि म्हणाले की गळा जरा घट्टच आहे. आत नेऊन मोकळा करून दिला. मोठ्या समाधानाने गेले.

ते पैसे खिशात वाजत होते. संध्याकाळी मारुतीपुढे टाकले.

१४ एप्रिल

अक्षय्यतृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली. लेकी माहेरी येतील, लग्नसराई सुरू होईल. ओट्यावर कापडांचे ढीग. दोन्ही हातांनी शिवतो आहे.

जीवरामचे वागणे मात्र मला कळेनासे झाले आहे. पूर्वी दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडून तंबाखू मागायला यायचा. आता येत नाही. त्याचे दुकान बहुतेक दिवस बंदच असते. ऐन हंगामात! मला वाटते, लोक माझे नाव घेतात हे त्याला सहन होत नाही. सख्ख्या भावासारखा माणूस, पण मत्सर कोणाला सुटला आहे?

हीसुद्धा आता कुंदाबाईकडे जात नाही. दुपारभर भिंतीला टेकून बसते, रिकाम्या बोटांनी पदराची कड पुन्हा पुन्हा मुडपते. विचारले तर म्हणते, "काही नाही." तिलाही उन्हाळा बाधला असावा. उद्या कैरीचे पन्हे करायला सांगेन.

२३ एप्रिल

आज भागा आली. उद्या आखाजी. अंगणात झोका बांधला. मुलगी आली की घर कसे भरून जाते! मी म्हटले, "तुझी चोळी मीच शिवणार, कापड काढून ठेवलं आहे." भागा म्हणाली, "जीवरामकाका शिवतात ना दरवर्षी माझी चोळी. मी त्यांच्याकडेच निघाले होते. दुकान बंद का आहे?"

मी म्हटले, "त्याचं डोकं फिरलं आहे. माझं चाललेलं त्याला बघवत नाही."

तेव्हा ही चुलीपुढून उठली. लग्न झाल्यापासून माझ्यापुढे तिने आवाज चढवलेला मला आठवत नाही. आज चढवला. ते मला शाळेतल्या मराठीत लिहिता येत नाही, म्हणून जसे बोलली तसे लिहितो.

"त्यानं डोकं नही फिरनं, तुमनं फिरनं. तुम्ही फुकट शिवतस, मंग पैसा मोजीसन त्याना कडे कोन जाई? जीवरामभाऊ जिनमा जास. सरकीना पोता शिवस. तुम्हले पोटनी काळजी नही, त्याले शे!"

मी खाली बसलो. सुतळीने पोती शिवतो? जीवराम? ज्याच्या सदऱ्याची शिवण उलटून दाखवली तरी सुलट वाटते?

म्हटले, "तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगी? मी रोज त्याना घरमा बशीसन काजा करू. वकिलेसना कोटना काजा. आते कोटच नही तं काजा कोठला?"

म्हणजे निळे रेशीम ते. गोधडी नव्हती. माझ्या तोंडातून निघून गेले, "पण का? आपल्याला काय कमी आहे? पैशासाठी दुसऱ्याच्या दारी..."

ती म्हणाली, "मामा तुमना मरी ग्या. मन्हा हात नही मरनात."

आणि पुन्हा चुलीपुढे बसली. भागा तिच्याजवळ जाऊन बसली. मी बाहेर ओट्यावर आलो. माणसे कापडे घेऊन उभी होती. त्यांना म्हटले, आज जा.

२५ एप्रिल

काल आखाजीचे पुरण ताटात तसेच राहिले. आज स्टेशनाकडच्या कापसाच्या जिनात गेलो. मुकादमाने विचारले, कोण पाहिजे? मी म्हटले, "जीवराम शिंपी." तो म्हणाला, "इथे शिंपी कोणी नाही, पोतीवाला एक आहे."

पत्र्याच्या सावलीत सरकीच्या ढिगाला टेकून जीवराम बसला होता. हातात दाभण, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला पाहून त्याने मान खाली घातली आणि शिवत राहिला. मी त्याने शिवलेले पोते पाहिले. पोत्याचे तोंड शिवायला चार ढोबळ टाके पुरतात. याने एकसारखे, जवळजवळ, सदऱ्याच्या कडेसारखे घातले होते.

"इतके बारीक टाके? पोत्याला?"

"हात ऐकत नाही," तो म्हणाला. "मुकादम रोज शिव्या देतो. म्हणतो, तुझ्या दोन पोत्यांत दुसऱ्याची पाच होतात."

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. त्याच्या बाजूला बसलो. दुसरे दाभण पडले होते, ते उचलून पोते पुढे ओढले.

"ठेव ते," जीवराम म्हणाला. "तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तेच तर. जीवराम, मला शिवल्याशिवाय राहवत नाही."

"मग शिव की! तुला नको कोण म्हणतं? पण तू फुकट शिवलंस की माझं शिवणंही फुकटचं होतं. मागे एकजण मला म्हणाला, कौतिकभाऊ तर असंच देतात, तू कशाचे मागतोस? मी कशाचे मागतो? सांग बरं, काय सांगू त्याला?"

मी पोत्याला टाका घातला. बराच वेळ आम्ही पोती शिवली. माझेही टाके बारीकच पडत होते. मुकादम आला, पाहून कपाळावर हात मारून गेला.

शेवटी मी म्हटले, "उद्यापासून मी मजुरी घेईन. तुझ्याएवढीच."

"मग ते कोटवाले तुझ्याकडे, सदरेवाले माझ्याकडे?"

"नाही. माझं मशीनच तुझ्याकडे आणतो. दुकान तुझं, दर तुझा. मी तुझा कारागीर."

जीवरामने दाभण पोत्यात खोचले. "वेडा झालास? तू मालक माणूस. लोक हसतील."

"हसू दे. मला पैसे नकोत, शिवायला पाहिजे."

"असं चालणार नाही," तो म्हणाला. "कारागीर म्हणून यायचं तर दर शनिवारी मजुरी घ्यावी लागेल. मी मोजून देणार, तू मोजून घेणार. नाही घेतलीस तर मशीन रस्त्यावर."

"आणि काम बिघडलं तर?"

"तर कापून घेणार."

मी कबूल म्हटले. मग त्याने हात पुढे केला, मला वाटले हातात हात द्यायला. तो तंबाखू मागत होता.

२८ एप्रिल

हातगाडीवरून मशीन समोर नेले. पाहायला गल्ली लोटली. पेढीवाले म्हणाले, कौतिकभाऊ, हे काय नवीन? मी म्हटले, तुमचे चार सदरे झालेत, मजुरी जीवरामशेठना द्या. त्यांनी दिली, पण चेहरा पाहण्यासारखा होता.

ही माझ्याआधीच समोर जाऊन बसली होती.

९ मे

शनिवार. जीवरामने मजुरी मोजून दिली. एका कोटाचा खिसा अर्धे बोट खाली गेला होता, त्याचे कापून घेतले. खिसा त्याच्या मापाने चुकला होता, माझ्या नाही, यावर दुपारभर वाद घातला. हरलो. कुंदाबाई आणि ही दोघी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

हिलाही तिच्या काजांचे वेगळे मिळाले. तिने ते पुरचुंडीत बांधले. मी विचारले, "काय करणार?" म्हणाली, "मला काही घ्यायचं नाही. असू दे."

माझेही तिच्याकडे दिले. ते तिने वेगळ्या पुरचुंडीत बांधले.

१७ मे

लग्नसराई जोरात आहे, डायरीला वेळ होत नाही. आज मात्र लिहितोच.

नरडाण्याहून एक वरबाप आले. नवऱ्यामुलाचा कोट, घाईचा. जीवराम बाजारात गेला होता, म्हणून दर मीच सांगितला. ते म्हणाले, लूट आहे. मी म्हटले, मग कापड घेऊन जा. ते म्हणाले, तुमच्याकडे इस्टेट आहे असं ऐकलं, मग एवढे कशाला? मी म्हटले, इस्टेट माझ्या मामांची, कोट माझा. ते उठून गेले. गल्लीच्या टोकावरून परत आले. जरा खाली या म्हणाले. मी जरासाही खाली आलो नाही. आवाज चढले, माणसे जमली. शेवटी माझ्याच दरात कबूल झाले आणि जाताना म्हणाले, "पन काजा बारीक पाहिजेत!"

दाराशी उजेडात बसून ही काज भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मी बघेन."

वरबाप गेले. मी अजून घामाघूम, खुशीत, दारात उभा राहून त्यांची पाठ बघत होतो. आमच्या दुकानात ही इतकी वर्षे मागच्या खोलीत, चुलीजवळ बसून काजे करायची. इथे पहिल्या दिवसापासून दाराशी बसते. का ते मी विचारले नाही. इथे वारा येत असेल.

"अहो," ती म्हणाली, "सरका. उजेड अडतो आहे."

मी सरकलो.